लुकण, तात आणि मोडलेले हाड : जोसेफ लिस्टर यांची गोष्ट

जोसेफ लिस्टर हे नाव बहुतेकांना दोन कारणांनी माहीत असते. शस्त्रक्रियेत जंतुनाशक वापरण्याची पद्धत त्यांनी घालून दिली, हे कुठेतरी वाचलेले असते. आणि चूळ भरण्याच्या लिस्टरिन या प्रसिद्ध द्रावणाला त्यांचे नाव आहे. हे द्रावण १८७९ मध्ये अमेरिकेत तयार झाले. लिस्टर यांनी ते बनवले नव्हते, फक्त नाव त्यांचे होते. पण त्यांच्या कामाची खरी सुरुवात कुठून झाली, हे फारसे सांगितले जात नाही. ती झाली मोडलेल्या हाडापासून. नेमके सांगायचे तर, कातडी फाडून बाहेर डोकावणाऱ्या हाडापासून.

आज हाडात जंतुसंसर्ग झाला आणि कुजलेला भाग काढून टाकावा लागला, तर उरलेल्या पोकळीत जंतुनाशक सोडणारे, हळूहळू विरघळणारे आणि शेवटी आपली जागा नव्या हाडाला देणारे पदार्थ भरले जातात. हे तंत्र अगदी नवे वाटते. त्यामागचा विचार मात्र ग्लासगोच्या एका गजबजलेल्या रुग्णालयात दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी सुरू झाला होता.

सूक्ष्मदर्शकाच्या घरातला मुलगा

जोसेफ लिस्टर यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी लंडनजवळच्या अप्टन या गावी झाला. घराणे क्वेकर पंथाचे. साधी राहणी, साधा पोशाख, शांत स्वभाव. वडील जोसेफ जॅक्सन लिस्टर मद्याचे व्यापारी होते, पण त्यांचा जीव भिंगांत रमलेला होता. त्या काळच्या सूक्ष्मदर्शकातून वस्तूभोवती रंगीत कडा दिसत आणि चित्र धूसर होई. दोन भिंगे एकमेकांपासून किती अंतरावर ठेवली तर हा दोष जातो, हे त्यांनी गणिताने आणि प्रयोगाने शोधून काढले. कसलीही पदवी नसलेल्या या व्यापाऱ्याला १८३२ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. त्यामुळे धाकट्या जोसेफला डोळ्यांना न दिसणारे जग ही लहानपणापासून ओळखीची गोष्ट होती. पुढे इतर शल्यविशारद जंतूंच्या कल्पनेला हसत होते, तेव्हा लिस्टर यांना तिच्यावर विश्वास ठेवणे जड गेले नाही, याचे एक कारण हे घर होते.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची दारे तेव्हा क्वेकरांना बंद होती. म्हणून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. तिथे डिसेंबर १८४६ मध्ये रॉबर्ट लिस्टन यांनी ईथरची भूल देऊन एका रुग्णाची मांडी कापली, तेव्हा बघ्यांमध्ये एकोणीस वर्षांचे लिस्टरही होते, असे सांगतात. त्याच वर्षी त्यांच्या थोरल्या भावाचा मृत्यू झाला. स्वतः लिस्टर यांना देवीचा आजार होऊन गेला. पुढे मन इतके खचले की काही काळ शिक्षण सोडावे लागले. १८५२ मध्ये ते वैद्यकीय पदवीधर झाले.

पुढल्या वर्षी एडिंबरोचे नामांकित शल्यविशारद जेम्स साइम यांचे काम पाहायला ते महिनाभराच्या बेताने गेले आणि सात वर्षे तिथेच राहिले. साइम यांची थोरली मुलगी ॲग्नेस हिच्याशी १८५६ मध्ये त्यांचा विवाह झाला. ॲग्नेस क्वेकर नव्हत्या, त्यामुळे लिस्टर यांनी पंथ सोडला. या जोडप्याला मूल झाले नाही. घराचा एक भाग प्रयोगशाळा झाला. बेडकाच्या पायातल्या रक्तवाहिन्यांवरचे प्रयोग असोत की नासलेल्या दुधातल्या जंतूंचे, त्यांच्या नोंदवह्यांची पानेच्या पाने ॲग्नेस यांच्या अक्षरात आहेत.

कातडी फाटली की पाय गेला

१८६० मध्ये लिस्टर ग्लासगो विद्यापीठात शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले आणि १८६१ मध्ये तिथल्या रॉयल इन्फर्मरीत शल्यविशारद म्हणून रुजू झाले. ग्लासगो हे तेव्हा कारखाने, गोदी आणि बग्ग्यांचे शहर होते. यंत्रात सापडलेले, गाडीखाली आलेले, उंचावरून पडलेले कामगार रोज येत.

हाड मोडण्याचे दोन प्रकार असतात. कातडी शाबूत असेल तर हाड आत मोडूनही बहुधा जुळून येते. हाडवैद्यही ते बसवत असत. कातडी फाटून जखम हाडापर्यंत गेली, तर मात्र गोष्ट पार बदलते. त्या काळी काही दिवसांतच जखमेला दुर्गंधी येई, पू भरे, ताप चढे, आणि विष रक्तात पसरून रुग्ण दगावे. म्हणून अनेक शल्यविशारद वाट न पाहता पाय किंवा हात कापून टाकत. त्यातही धोका होताच. लिस्टर यांनी स्वतःच्याच वॉर्डाचा हिशेब पुढे प्रसिद्ध केला. जंतुनाशक पद्धत येण्यापूर्वीच्या दोन वर्षांत अवयव कापलेल्या ३५ रुग्णांपैकी १६ दगावले होते. म्हणजे जवळपास दोनांत एक.

भूल देण्याची सोय झाल्यामुळे शस्त्रक्रिया वाढल्या होत्या. त्याबरोबर जखम सडून मरणारेही वाढले. डॉक्टर रक्ताने कडक झालेला जुना कोट घालून एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जात. तीच सळई, तोच स्पंज सगळ्यांना लागे. रुग्णालयाची जागाही अशी की, लिस्टर यांच्या एका वॉर्डाला लागूनच १८४९ च्या पटकीच्या साथीतील मृतांच्या शवपेट्या जमिनीखाली अगदी वरच्या थरात पुरलेल्या होत्या. दोष दिला जाई तो हवेला. हवेतल्या प्राणवायूमुळे किंवा दूषित वाफांमुळे जखम कुजते, असा समज होता. हवा तर बंद करता येत नाही. म्हणून उपायही नाही, असे सगळे धरून चालले होते.

लिस्टर यांना हे पटत नव्हते. बरगडी मोडून तिचे टोक फुप्फुसात घुसले, तर श्वासातली हवा छातीच्या पोकळीत शिरते आणि तिथल्या रक्तात मिसळते. तरीही बाहेरची कातडी शाबूत असेल तर ते रक्त कुजत नाही. हवाच दोषी असेल, तर इथे ती निर्दोष कशी? म्हणजे हवेबरोबर दुसरे काहीतरी येते आणि श्वसनमार्गातून जाताना ते गाळले जाते.

गटाराच्या औषधातून

१८६५ मध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस अँडरसन यांनी त्यांचे लक्ष लुई पाश्चर यांच्या लेखनाकडे वेधले. नासणे, आंबणे, कुजणे ही कामे हवेतून येणारे सूक्ष्म जीव करतात, असे पाश्चर यांनी दाखवले होते. लिस्टर यांनी ते प्रयोग घरी पुन्हा करून पाहिले. वाकड्या नळीच्या काचपात्रांत उकळलेले मूत्र महिनोन्‌महिने न नासता राहिले. पुढे एडिंबरोला बदली झाली तेव्हा ही पात्रे त्यांनी आगगाडीतून स्वतःच्या हातात सांभाळून नेली.

जंतू मारायचे तीन मार्ग होते : उष्णता देणे, गाळणे किंवा रसायन वापरणे. माणसाची जखम उकळता येत नाही आणि गाळताही येत नाही. उरले रसायन. कार्लाइल गावात सांडपाण्यात कार्बोलिक ॲसिड टाकल्यावर दुर्गंधी तर गेलीच, शिवाय त्या पाण्यावर वाढलेल्या कुरणात चरणाऱ्या गुरांच्या पोटातले कृमीही नाहीसे झाले, अशी माहिती लिस्टर यांच्या वाचनात आली होती. डांबरापासून मिळणारा हा उग्र वासाचा द्रव त्यांनी अँडरसन यांच्याकडून मागवला.

पहिला प्रयत्न फसला. तो रुग्ण दगावला. मग १२ ऑगस्ट १८६५ रोजी जेम्स ग्रीनलीस हा अकरा वर्षांचा मुलगा आला. गाडीचे चाक डाव्या पायावरून गेले होते, नडगीचे हाड मोडले होते आणि कातडीला जखम होती. लिस्टर यांच्या सूचनेनुसार जखमेवर कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवलेले मऊ कापड ठेवले गेले आणि पायाला फळ्या बांधल्या गेल्या. चौथ्या दिवशी पट्टी उघडली. कुजल्याचा वास नव्हता, पू नव्हता. कडेची कातडी मात्र औषधाने भाजून लाल झाली होती. म्हणून पुढच्या पट्ट्यांसाठी औषध पाण्यात, नंतर ऑलिव्ह तेलात मिसळून सौम्य केले गेले. सहा आठवड्यांनी हाड जुळले आणि मुलगा स्वतःच्या दोन पायांवर घरी गेला.

पुढचा रस्ता सरळ नव्हता. दुसऱ्या रुग्णाच्या वेळी लिस्टर गावाबाहेर होते. त्याची जखम सडली आणि पाय कापावा लागला. आणखी एक रुग्ण बरा होत आला असताना हाडाच्या तुकड्याने रक्तवाहिनी फाडल्यामुळे दगावला. पण १८६७ मध्ये लिस्टर यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ही लेखमाला लिहिली, तेव्हा उघड्या जखमेसह हाड मोडलेल्या ११ रुग्णांपैकी ९ जण हातपाय शाबूत ठेवून बरे झाले होते. त्या काळच्या डॉक्टरांना ही संख्या खोटी वाटावी अशीच होती.

जखमेवरचे लुकण

इथून पुढचा भाग आपल्या विषयासाठी महत्त्वाचा आहे. औषध एकदा लावले की काम झाले, असे लिस्टर यांनी मानले नाही. कार्बोलिक ॲसिड उडून जाते, जखमेतल्या स्रावात विरते, वाहून जाते. सुरुवातीला जोरकस असलेले औषध दुसऱ्या दिवशी नावापुरते उरते. आणि जोरकस ठेवावे, तर ते जंतूंबरोबर माणसाच्या पेशीही जाळते. मग हवे काय? औषध साठवून ठेवणारा आणि ते थोडे थोडे सोडणारा पदार्थ.

त्यांना तो सापडला सुताराच्या पेटीत. खिडकीच्या चौकटीत काच बसवायला खडूची पूड आणि जवसाचे तेल मळून लुकण करतात. लिस्टर यांनी जवसाच्या उकळलेल्या तेलात कार्बोलिक ॲसिड विरघळवले आणि त्यात खडूची पूड मळून जंतुनाशक लुकण तयार केले. कथलाच्या पातळ पत्र्यावर त्याचा जाड थर देऊन तो जखमेवर बसवला जाई. तेल औषध धरून ठेवी आणि सावकाश सोडी. काही काळाने लुकण मागे पडले आणि लाखेत कार्बोलिक मिसळलेला लेप आला. लाख ही मुख्यतः भारतातून युरोपात जाणारी वस्तू. आपल्याकडे बांगड्यांना आणि कुलपांच्या मोहरांना लागणारी लाख अशी शस्त्रक्रियेच्या इतिहासात शिरली.

जखमेच्या आत काय होते, याकडेही त्यांचे बारीक लक्ष होते. औषध आणि रक्त मिसळून जखमेच्या तोंडाशी एक घट्ट खपली धरे. जुन्या रीतीनुसार ती काढून टाकायला हवी होती. लिस्टर यांनी ती तशीच ठेवली आणि फक्त वरून औषध लावत राहिले. खालचे औषध ओसरत गेले तसतसे त्या गोठलेल्या रक्ताचे हळूहळू जिवंत ऊतीत रूपांतर होताना दिसले. त्याहून आश्चर्याची गोष्ट हाडाबाबत घडली. मेलेला हाडाचा तुकडा शरीर पुवाबरोबर बाहेर फेकते, अशी समजूत होती. जखम कुजली नाही, तर आजूबाजूच्या नव्या ऊती तो मेलेला तुकडा शोषून घेतात आणि त्याची जागा घेतात, हे लिस्टर यांनी पाहिले आणि नोंदवले.

यातून त्यांचा विचार एक पाऊल पुढे गेला. मेलेली वस्तू शरीरात राहिली म्हणून त्रास होत नाही. तिच्यावर जंतू असले तर त्रास होतो. जंतू नसतील तर शरीर त्या वस्तूशी जुळवून घेते, तिला खाऊन टाकते, तिच्या जागी स्वतःचे काही बांधते. शरीरात ठेवल्या जाणाऱ्या आजच्या प्रत्येक पदार्थाच्या मुळाशी हाच विचार आहे.

वासराच्या मानेतली तात

हा विचार खरा आहे का, हे तपासण्यासाठी त्यांनी रक्तवाहिनी बांधण्याचा दोरा निवडला. तेव्हा रक्तवाहिनी रेशमाने बांधत आणि दोऱ्याची टोके जखमेबाहेर लोंबती ठेवत. काही आठवड्यांनी दोरा कुजून सैल झाला की तो ओढून काढत. जंतूंना आत जायला ती आयती वाट होती. लिस्टर यांना असा दोरा हवा होता, जो आत ठेवून जखम पूर्ण बंद करता येईल आणि जो नंतर आपोआप नाहीसा होईल.

त्यांनी जनावराच्या आतड्याची तात घेतली. पिंजारी कापूस पिंजायला धनुकलीला जी ताणतो आणि तंतुवाद्यांना पूर्वी जी लावत, तीच. ती कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवली. १८६८ च्या नाताळाच्या सुमारास अप्टनच्या वडिलोपार्जित घरी एका वासराला भूल देऊन त्यांनी त्याच्या मानेतली रक्तवाहिनी या तातीने बांधली आणि जखम शिवून टाकली. महिन्याने तो भाग तपासायला आला. पहिल्या नजरेत तात जशीच्या तशी दिसली आणि लिस्टर निराश झाले. बारकाईने पाहिल्यावर कळले की ती तात नव्हतीच. तातीच्या आकाराचा जिवंत ऊतीचा पट्टा रक्तवाहिनीभोवती तयार झाला होता. वस्तू गेली होती; तिचे काम शरीराने आपल्या अंगावर घेतले होते.

१८६९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यानंतरही लिस्टर वर्षानुवर्षे तातीवर काम करत राहिले, कारण ती कधी फार लवकर विरघळे, तर कधी मऊ पडून गाठ सुटे. जखम भरायला जितके दिवस लागतात, तितके दिवस दोरा टिकला पाहिजे; त्याआधी गेला तर घात, त्यानंतर उरला तर अडथळा. क्रोमिक ॲसिडची प्रक्रिया करून त्यांनी हा काळ लांबवला. विरघळण्याचा वेग आणि शरीर भरून येण्याचा वेग यांचा मेळ घालणे हा प्रश्न हाडात भरायच्या पदार्थांबाबत आजही तसाच आहे.

विरोध आणि मान

ग्लासगोमधल्या पुढच्या हिशेबात अवयव कापलेल्या ४० रुग्णांपैकी ६ दगावले होते. तरीही इंग्लंडमध्ये, विशेषतः लंडनमध्ये, फार थोड्यांनी ही पद्धत उचलली. क्लोरोफॉर्मसाठी प्रसिद्ध असलेल्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी, कार्बोलिक ॲसिड तर फ्रान्समध्ये आधीच वापरले गेले आहे, असा आक्षेप घेतला. लिस्टर यांचे म्हणणे वेगळे होते : औषध नवे नाही, तत्त्व नवे आहे. जखमेला लागणारी प्रत्येक वस्तू, हात, हत्यार, दोरा, पट्टी, जंतुमुक्त हवी, हे ते तत्त्व. काहींना पट्टी बांधण्याची ही किचकट पद्धत नकोशी वाटे. काहींचा जंतूंवरच विश्वास नव्हता. जर्मनी आणि डेन्मार्कमधल्या शल्यविशारदांनी मात्र ती लवकर स्वीकारली.

लिस्टर यांचाही एक अंदाज चुकला. हवेतले जंतू हेच मोठे संकट, असे समजून १८७१ पासून ते शस्त्रक्रियेच्या वेळी कार्बोलिकचा फवारा मारू लागले. त्या धुक्याने डॉक्टरांचे हात पांढरे पडत, डोळे चुरचुरत, खोकला येई. खरे संकट हवेपेक्षा हात आणि हत्यारे हे होते. हे पटल्यावर त्यांनी फवारा बंद केला आणि १८९० मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत, आपण तो कधी सुचवला याची लाज वाटते, अशी जाहीर कबुली दिली. जगात नाव झालेल्या त्रेसष्ट वर्षांच्या माणसाने असे बोलणे सोपे नव्हते.

१८६९ मध्ये ते एडिंबरोला आणि १८७७ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात गेले. लंडनला पोचताच त्यांनी एक धाडस केले. एका रुग्णाची गुडघ्याची वाटी मोडली होती, पण कातडी शाबूत होती. त्यांनी मुद्दाम सांधा उघडला, वाटीचे दोन तुकडे चांदीच्या तारेने जोडले आणि जखम बंद केली. निरोगी कातडी आपणहून फाडून मोडलेल्या हाडापर्यंत जाणे हा तेव्हा जवळजवळ गुन्हा वाटे. रुग्ण दगावला तर लिस्टरवर खटला भरावा, असे काही जण म्हणत होते. रुग्ण बरा झाला आणि त्याचा गुडघा वाकू लागला. आज हाडात पट्ट्या, स्क्रू, सळया बसवण्याची शस्त्रक्रिया इतकी रोजची झाली आहे की तिच्यामागे केवढी भीती मोडावी लागली, हे लक्षातही येत नाही.

मानसन्मान पुढे येत गेले. डिसेंबर १८९२ मध्ये पाश्चर यांच्या सत्तरीच्या सोहळ्यात पॅरिसला दोघांनी सगळ्यांसमोर एकमेकांना मिठी मारली. त्यानंतर काही महिन्यांतच, १८९३ च्या वसंतात, इटलीत सुटीवर असताना ॲग्नेस न्यूमोनियाने गेल्या. सदतीस वर्षे प्रयोगाची वही लिहिणारा हात थांबला आणि लिस्टर यांचे संशोधनही जवळपास थांबले. १८९५ ते १९०० ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. १८९७ मध्ये ते लॉर्ड झाले. १० फेब्रुवारी १९१२ रोजी केंट परगण्यातल्या वॉल्मर येथे त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीत प्रार्थना झाली, पण त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन हॅम्पस्टेडच्या दफनभूमीत, ॲग्नेस यांच्या शेजारी झाले.

पोकळी कशाने भरायची?

लिस्टर हयात असतानाच त्यांचा विचार हाडाच्या आत पोचला होता. १८८९ मध्ये अमेरिकेत निकोलस सेन यांनी क्षार काढून मऊ केलेल्या, जंतुनाशकात ठेवलेल्या हाडाच्या चकत्या हाडातल्या पोकळीत भरण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. १८९२ मध्ये जर्मनीतल्या बॉन येथे ड्रेसमन या डॉक्टरांनी प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये पाच टक्के कार्बोलिकचे पाणी कालवले आणि सडलेला भाग खरवडून काढल्यावर उरलेल्या हाडाच्या पोकळीत ते भरले. काही रुग्णांत प्लॅस्टर विरघळले आणि जागा हाडाने भरून आली. लिस्टर यांच्या लुकणातली खडूची पूडही कॅल्शियमचेच संयुग होते. पण ते जखमेवर राहिले. ड्रेसमन यांनी जंतुनाशक आणि कॅल्शियम हाडाच्या आत नेले.

पेनिसिलिन आल्यावर हे सारे मागे पडेल, असे वाटले होते. तसे झाले नाही. प्रतिजैविक रक्तातून जाते आणि मेलेल्या हाडात रक्त पोचत नाही. शिवाय जंतू हाडावर किंवा धातूच्या पट्टीवर चिकट थर करून राहतात. त्या थराआडच्या जंतूंना मारायला नेहमीच्या कित्येक पट औषध लागते. तेवढे शिरेतून दिले तर मूत्रपिंड आणि कान धोक्यात येतात. म्हणून मेलेले हाड काढणे आणि उरलेल्या पोकळीतच औषध ठेवणे, हा मार्ग पुन्हा आला. १९७० मध्ये हॅम्बुर्गचे बुखहोल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांधा बसवायच्या ॲक्रिलिक सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळले. पुढे त्याचे मणी तारेत ओवून पोकळीत ठेवू लागले. औषध संपल्यावर हे मणी बहुधा दुसऱ्या शस्त्रक्रियेने काढावे लागतात. उरले तर त्यांच्यावरच जंतू वस्ती करू शकतात.

मग लक्ष पुन्हा विरघळणाऱ्या पदार्थांकडे वळले. कॅल्शियम सल्फेटचे, म्हणजे शुद्ध प्लॅस्टरचे, प्रतिजैविक मिसळलेले मणी काही आठवडे ते काही महिन्यांत विरघळतात. पण कधी ते नवे हाड येण्याआधीच संपतात आणि जखमेतून पाणी झिरपत राहते. म्हणून त्यात अधिक टिकाऊ कॅल्शियम फॉस्फेट मिसळले जाते. एक खास काच आहे, तीत प्रतिजैविक नसतेच. शरीरातल्या द्रवात तिच्यातून क्षार सुटतात, आजूबाजूची आम्लता इतकी घटते आणि खारटपणा इतका वाढतो की जंतूंना जगणे अवघड होते. त्याच वेळी तिच्या पृष्ठभागावर हाड धरते. चांदीचे लेपही वापरले जातात, पण तिथे जुनाच प्रश्न येतो : मात्रा कमी पडली तर जंतू वाचतात, जास्त झाली तर हाडाच्या पेशी मरतात. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढत असल्यामुळे औषधाशिवाय काम करणाऱ्या पदार्थांचे महत्त्वही वाढले आहे.

यातली एकही वस्तू कुजलेले हाड नीट साफ करण्याची जागा घेत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे. आणि जखम हाडापर्यंत गेली असेल, तर वाचकांच्या हातात असलेले काम साधे आहे. जखमेत हळद, माती, कॉफीची पूड, काहीही भरू नये. बाहेर आलेले हाड आत ढकलू नये. स्वच्छ कापडाने जखम झाकावी, अवयव हलणार नाही असा आधार द्यावा आणि लगेच रुग्णालय गाठावे. प्रतिजैविक जितक्या लवकर सुरू होते आणि जखम जितकी चांगली साफ होते, तितकी हाड सडण्याची शक्यता कमी होते.

जेम्स ग्रीनलीसच्या पायावर ठेवलेले औषध आज कोणी जखमेत घालणार नाही; ते फार जहाल आहे. लुकण गेले, लाखेचा लेप गेला, फवारा तर लिस्टर यांनी स्वतःच मोडीत काढला. मागे राहिला आहे तो त्यांचा प्रश्न. जखमेत ठेवायची वस्तू जंतूंना मारील, पेशींना सांभाळील आणि काम झाल्यावर शरीरासाठी जागा रिकामी करील, अशी कशी करायची? हाडांचे डॉक्टर आणि पदार्थवैज्ञानिक आज प्रयोगशाळेत तोच प्रश्न सोडवत आहेत.